७१ मिनिटं ३५ सेकंद

जानेवारीतली गोष्ट आहे. आमच्या वावरात संत्र्याचा ताण तोडायचा होता. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडांचं पाणी बंद करावं लागतं. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड थांबल्यासारखं दिसतं, आणि मग जानेवारीच्या मध्यावर पाणी सोडलं की नव्या फुटीसोबत फूल येतं. पण हे पहिलं पाणी हलकं द्यावं लागतं. उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवत नाहीत, तसंच. बाबांचा हिशोब ठरलेला होता : मोटर दोन तास चालवायची आणि बंद करायची.

त्या आठवड्यात आमच्या फीडरवर थ्री फेज लाईन रात्रीची होती. रात्री अकराला लाईन आली, बाबांनी घरून मोबाईलवर बटण दाबलं, मोटर सुरू झाली. एक वाजता ‘बंद’ दाबलं. स्क्रीनवर ‘चालू’च. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘चालू’. मला त्यांनी उठवलं नाही. कानाला मफलर गुंडाळला, बॅटरी आणि काठी घेतली आणि रानडुकरांच्या रस्त्याने वावरात चालत गेले. स्टार्टरचं लाल बटण हाताने दाबून आले तेव्हा पहाटेचे पावणेदोन झाले होते.

सकाळी चहा पिताना एवढंच म्हणाले, “तुह्या मशीनले लय आवाज देल्ला, पन ते ऐकूनच नाई राह्यलं.”

मला फार लागलं ते. मी हेच काम करते. नऊ वर्षं पुण्यात छोट्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिलं, दोन वर्षांपूर्वी वरूड तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले, आणि आता घराच्या मागच्या खोलीतून तेच काम करते. वावरातली ती पेटी मी स्वतः बनवलेली. आणि माझे सत्तरीला आलेले वडील तिच्यापायी मध्यरात्री अंधारात गेले. पुढचे सहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. हा लेख त्या सहा दिवसांचा आहे, आणि सॉफ्टवेअरच्या अशा एका पातळ थराचा, ज्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

पेटीत एसटीएम३२एफ४०७ ही चिप आहे. १६८ मेगाहर्ट्झ, १ एमबी फ्लॅश, १९२ केबी रॅम. तिच्यावर फ्रीआरटीओएस चालतं. रिचर्ड बॅरी यांनी २००३च्या सुमारास सुरू केलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम २०१७पासून अ‍ॅमेझॉनच्या देखरेखीखाली आहे. तिच्यावर नेटवर्कसाठी एलडब्ल्यूआयपी. ‘एलडब्ल्यू’ म्हणजे लाइटवेट, हलकं. स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्स यांनी स्टॉकहोमजवळच्या एसआयसीएस या संशोधन संस्थेत हे लिहिलं, आणि आज जगभरातली मंडळी मिळून ते सांभाळतात. पूर्ण टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठवायचे-घ्यायचे नियम, तेही काही दहा-वीस केबी रॅम आणि साधारण ४० केबी कोडमध्ये. मोटरच्या खोलीतल्या पेटीला इंटरनेटची भाषा बोलता येते ती याच्यामुळे.

गच्चीवर एक आणि मोटरच्या खोलीवर एक असे दोन वायफाय रेडिओ लावलेत. मधे ६०० मीटर अंतर आणि संत्र्याची झाडं. घरी कपाटावर एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर असतो. पेटी त्याच्याशी एक टीसीपी कनेक्शन जोडते आणि ते कायम चालू ठेवते. दर दहा सेकंदांनी व्होल्टेज, करंट आणि मोटरची स्थिती पाठवते, आणि त्याच कनेक्शनवरून आदेश घेते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. विहिरीत पाणी संपलं तर मोटर आपोआप बंद करण्याचं काम मी नेटवर्कवर कधीच सोपवलं नाही. ते पेटीतला वेगळा टास्क, म्हणजे स्वतंत्र चालणारं काम, करतो, करंट पाहून, नेटवर्क मेलं तरी. आमच्या भागात पाणी इतकं खोल गेलंय की कोरडी चालून जळलेल्या मोटरीचा खर्च कोणालाच परवडत नाही. त्या रात्री मोटर जळायची भीती नव्हती ती या एका निर्णयामुळे.

तर, बिघाड. पहिल्या दिवशी मी पेटीला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का?’ विचारलं, उत्तर आलं. म्हणजे रेडिओ ठीक, केबल ठीक, चिप जिवंत. तरी आदेश ऐकत नाही. रीसेट केली की ठणठणीत. टेबलावरची दुसरी पेटी आठवडाभर एकदाही अडकली नव्हती. वावरातली मात्र रोज अडकायची, पण वेळ ठरलेली नव्हती. कधी दीड तासाने, कधी तीन तासांनी, एकदा पाच तासांनी. वेळ अशी सरकती असली की माणूस हवामानाला, उंदराला, रेडिओला दोष देत सुटतो. मीही दोन दिवस रेडिओच बघत होते.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून आत पाहायचं साधन) घेऊन मोटरच्या खोलीतच जाऊन बसले. आमचे सालदार काका तुरीच्या शेंगा उकडून घेऊन आले होते. पेटी अडकेपर्यंत आम्ही शेंगा खात बसलो. अडकली. मी प्रोग्रॅम थांबवून पाहिला. ज्या थ्रेडमध्ये, म्हणजे टास्कमध्ये, मी माहिती पाठवते आणि आदेशही वाचते, तो पाठवण्याच्या ओळीवर उभा होता. त्याचा पाठवायचा बफर, म्हणजे जायच्या माहितीची तात्पुरती जागा, भरलेला. बाबांचा ‘बंद’ हा आदेश पेटीत येऊन पडला होता, मेलबॉक्समध्ये, मी मेमरीत ती अक्षरं डोळ्यांनी पाहिली. आदेश पोचला होता. पण वाचणारा दुसऱ्याच दारात अडकून पडला होता.

बफर का भरला? हवेत माहितीचं एखादं पाकीट हरवलं की टीसीपीने थोडी वाट पाहून ते पुन्हा पाठवायचं असतं. टीसीपीचा अर्धा जीव त्यातच आहे. इथे पहिलं पाकीट हरवलेलं दिसत होतं आणि ते पुन्हा पाठवलंच गेलं नव्हतं. मी एलडब्ल्यूआयपीमधला टीसीपी_टिक्स हा आकडा उघडला. दर अर्ध्या सेकंदाला तो एकाने वाढतो. ८५७१. प्रोग्रॅम दहा सेकंद चालू दिला, पुन्हा थांबवला. ८५७१. अजून एक मिनिट. ८५७१.

टीसीपीचं घड्याळ बंद पडलं होतं. पिंगला घड्याळ लागत नाही, पाकीट आलं की उत्तर देऊन मोकळं व्हायचं, म्हणून पिंग चालत होतं.

मी तिथेच पाटीवर हिशोब केला. ८५७१ ठोके, अर्ध्या सेकंदाचा एक, म्हणजे ४२८५ सेकंद. म्हणजे ७१ मिनिटं २५ सेकंद. पेटी रीसेट केली, वाट पाहिली, आणि यावेळी अडकायची वाट न बघता सव्वा तासाने आकडा पाहिला. ८५७२. पेटी अजून काम करत होती, एकही पाकीट हरवलं नव्हतं, पण घड्याळ मेलेलं होतं. कोड्याचा अर्धा भाग तिथे सुटला. घड्याळ दरवेळी एकाच क्षणी बंद पडतं. पण ते कळतं तेव्हा, जेव्हा त्यानंतर एखादं पाकीट हरवतं. टेबलावरच्या पेटीला केबल लावलेली, तिथे पाकीट हरवतच नाही. आणि टेबलावर मी दर अर्ध्या तासाने नवा कोड टाकते, तिला ७१ मिनिटं सलग मिळतात कुठे?

कनेक्शन जुळायला पेटीला चालू झाल्यावर नऊ-दहा सेकंद लागतात. ते मिळवले की ७१ मिनिटं ३५ सेकंद. ४२९४.९६७ सेकंद. हा आकडा या धंद्यातल्या माणसाने पाहिला की अंगावर काटा येतो. ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याचे पहिले अंक आहेत ते, ४२९४९६७२९५.

आता त्या थराबद्दल सांगते.

आमच्याकडे सालदार गुढीपाडव्याला ठरतो. नवा सालदार शेतीत तरबेज असतो. डवरा कसा धरायचा, कपाशीला खत कधी द्यायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. पण या घरची त्याला माहिती नसते. विहीर कोणती, बैलांचं वैरण कुठं, सकाळी हाक कोण मारणार, किल्ली कोणाकडे, हे त्याला पहिल्या दिवशी कोणीतरी सांगावं लागतं. आणि जे सांगितलं त्यावर तो विश्वास ठेवतो. तुम्ही त्याला चुकीची विहीर दाखवली तर तो वर्षभर इमानदारीने तिथूनच पाणी काढेल.

एलडब्ल्यूआयपी तसंच आहे. टीसीपी कसं चालवायचं ते त्याला पुरतं ठाऊक आहे, पण ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसलंय हे त्याला ठाऊक नाही, आणि मुद्दामच ठाऊक नाही. म्हणून तर ते फ्रीआरटीओएसवरही चालतं, तसल्याच दुसऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही, आणि काहीच नसलेल्या उघड्या चिपवरही. ते फक्त काही गोष्टी मागतं. निरोप टाकायला मेलबॉक्स दे. थांबायला आणि जागं करायला सेमाफोर दे. एका वेळी एकानेच हात लावायच्या वस्तूसाठी म्युटेक्स दे. नवा थ्रेड सुरू करून दे. थोडा वेळ इंटरप्ट, म्हणजे चालू कामात मधेच येणाऱ्या हाका, अडवून धर. आणि किती वाजले ते सांग. या मागण्या पुऱ्या करणारी फाईल म्हणजे सिस_आर्च. ती लिहिणं म्हणजे पोर्ट करणं. माझी दोनशे ओळींचीही नाही.

फाईल इतकी छोटी असते की लोक ती एका दुपारी उरकतात. नावं जुळली, कंपाईल झालं, पिंग लागलं, झालं. पण प्रत्येक फंक्शनमागे एक वचन असतं, आणि ते त्याच्या नावात लिहिलेलं नसतं.

मेलबॉक्सचंच घ्या. निरोपाची वाट पाहायचं फंक्शन किती मिलिसेकंद थांबायचं ते घेतं. एलडब्ल्यूआयपीच्या भाषेत तिथे शून्य म्हणजे ‘येईपर्यंत थांब’. फ्रीआरटीओएसच्या रांगेत शून्य म्हणजे ‘अजिबात थांबू नको’. कायम थांबायचं असेल तर तिथे पोर्टमॅक्स_डिले लिहावं लागतं. तोच आकडा, अर्थ बरोबर उलटा. तो जसाच्या तसा पुढे ढकलला तर थ्रेड झोपायच्या ऐवजी गरगर फिरत राहतो, आणि त्याच्याहून कमी प्राधान्याच्या टास्कना काम करायला वेळच मिळत नाही. माझा करंट पाहणारा टास्क तसा उपाशी राहिला असता तर मोटर गेली असती. थ्रेडच्या स्टॅकचं, म्हणजे त्याला कामापुरत्या दिलेल्या मेमरीचंही असंच. फ्रीआरटीओएस स्टॅकचं माप बाइटमध्ये मोजत नाही, शब्दात मोजतं, आणि या चिपवर एक शब्द म्हणजे ४ बाइट. १०२४ मागाल तर ४०९६ बाइट जातात. एका बाजूने चुकलात तर रॅम वाया जाते, दुसऱ्या बाजूने चुकलात तर स्टॅक शेजारच्याच्या वावरात घुसतो, आणि मग काय मोडलंय ते दिवसेंदिवस सापडत नाही. म्युटेक्सच्या जागी साधा सेमाफोर वापरला तर तेही चालल्यासारखं दिसतं, पण फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये प्राधान्य उसनं देण्याची सोय आहे, म्हणजे वस्तू अडवून बसलेल्या खालच्या टास्कला वाट पाहणाऱ्या वरच्या टास्कचं प्राधान्य मिळतं, ती सेमाफोरमध्ये नाही.

हे सगळं मी नीट केलं होतं. चुकलं ते सगळ्यात सोप्या फंक्शनमध्ये. सिस_नाऊ. किती वाजले? एकच ओळ. जुन्या एका कामात लिहिलेली आणि तिथून जशीच्या तशी आणलेली :

टिकचा आकडा गुणिले हजार, भागिले एका सेकंदातले टिक. (टिक म्हणजे फ्रीआरटीओएसच्या घड्याळाचा एक ठोका.)

वाचायला किती बरोबर वाटते. शाळेतलं पदावलीचं गणित. माझ्या पेटीत सेकंदाला हजार टिक आहेत, म्हणजे हजाराने गुणायचं आणि हजारानेच भागायचं. कागदावर काही होत नाही. पण चिपमध्ये गुणाकार ३२ बिटांत होतो. टिकचा आकडा ४२९४९६७च्या पुढे गेला की त्याला हजाराने गुणलेलं ३२ बिटांत मावत नाही. वरचा भाग गळून पडतो, उरलेल्याला आपण इमानदारीने हजाराने भागतो, आणि घड्याळ ४२९४९६७ मिलिसेकंदांवरून थेट शून्यावर येतं.

आकडा शून्यावर येणं हे स्वतः वाईट नाही. हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, म्हणून इथे थांबून सांगते. मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा कोणताही आकडा ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतोच. एलडब्ल्यूआयपीला ते माहीत आहे. ते दोन वेळांची तुलना वजाबाकीने करतं, आणि चिन्ह नसलेल्या आकड्यांची वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते, फक्त आकडा पूर्ण भरून मग शून्यावर यायला हवा. घड्याळ बारानंतर एकवर येतं तेव्हा आपला गोंधळ होत नाही, कारण बारानंतर एकच येतो हे ठरलेलं आहे. माझं घड्याळ मात्र चारचे पाच न होता मधूनच एकवर जात होतं.

त्यावेळी टीसीपीचा पुढचा टायमर ठरलेला होता ४२९५१००च्या आसपास कुठेतरी. त्याला सांगितलं होतं, तेव्हा उठ. पण माझ्या घड्याळात ती वेळ येणारच नव्हती. ४२९४९६७ झालं की पुन्हा शून्य, पुन्हा ४२९४९६७, पुन्हा शून्य. कोणाला तरी ‘पाच वाजून सत्तर मिनिटांनी ये’ असं सांगितल्यासारखं. तो दाराशी घड्याळाकडे बघत उभा, आणि सत्तरावं मिनिट काही येत नाही. तो बिचारा खोटा नव्हता. त्याने वचन पाळलं. वचन मी मोडलं होतं.

आणि गंमत नव्हे, पण शिकण्यासारखी बाब अशी की दोष गुणाकारात नाही, भागाकारात आहे. माझे टिक सेकंदाला शंभर असते आणि मी नुसतं दहाने गुणलं असतं, तर ते गुणलेलं ३२ बिटांत ओतूनही बरोबर ४९ दिवस १७ तासांनीच शून्यावर आलं असतं, चुपचाप, काही न मोडता. भागाकार केला की वरचा भाग कायमचा हरवतो. माझ्या बाबतीत तर टिक हेच मिलिसेकंद होते. गुणायचीही गरज नव्हती, भागायचीही नव्हती. दुरुस्ती म्हणजे अर्धी ओळ खोडणं. टिकचा आकडा आहे तसा परत दे.

ती खोडली तेव्हा बाबा मागच्या खोलीच्या दारात उभे होते. मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पाटी काढली, आकडे लिहिले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग आता एकूनपन्नास दिवसानं पाहा लागन नं? तवा चालते का नाई ते?”

बरोबर तेच विचारायला हवं होतं. एवढ्या वर्षांत माझ्यासोबत काम करणाऱ्या फार थोड्या लोकांनी मला हा प्रश्न इतक्या लवकर विचारला असता.

४९ दिवस थांबून तपासणं परवडत नाही, आणि थांबायची गरजही नाही. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, याबाबतीत फार शहाणं आहे. त्याचा आतला टिकचा आकडा शून्यापासून सुरूच होत नाही. ३२ बिट शून्यावर यायला पाच मिनिटं बाकी असताना सुरू होतो. म्हणजे ज्याच्या कोडमध्ये ही चूक आहे, त्याचं यंत्र चालू केल्यावर पाच मिनिटांतच पडतं, शेतकऱ्याच्या विहिरीवर पन्नास दिवसांनी पडत नाही. फ्रीआरटीओएसमध्येही टिकची सुरुवात कुठून करायची ते सांगता येतं, कॉन्फिग_इनिशियल_टिक_काउंट हा आकडा देऊन. मी तिथे पूर्ण भरायला पाच मिनिटं कमी असलेला आकडा टाकला, टेबलावरच्या पेटीची केबल काढून तिला रेडिओ लावला, आणि रेडिओसमोर स्टीलचा डबा आणून पाकिटं मुद्दाम हरवू दिली. पाचवं मिनिट गेलं. टीसीपी_टिक्स चालतच राहिला. हरवलेलं पाकीट दीड सेकंदात पुन्हा गेलं. मी दहा वेळा केलं. मग जुनी ओळ परत टाकून शून्यापासून सुरू केलं, ७१ मिनिटं ३५ सेकंद बसून राहिले, आणि घड्याळ मरताना डोळ्यांनी पाहिलं. चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही तर ती दुरुस्त झाली असं मी मानत नाही.

थ्रेडचंही बदललं. आता पाठवणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. पाठवणारा कुठे अडकला तरी ‘बंद’ ऐकायला कोणीतरी दारात असलंच पाहिजे. खरं तर हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. रॅम वाचवायला एकाच थ्रेडमध्ये दोन्ही कामं कोंबली होती, ४ केबीसाठी.

आणि सिस_आर्चच्या फाईलमध्ये प्रत्येक फंक्शनच्या वर आता मराठीत त्याचं वचन लिहिलंय. ‘इथे शून्य म्हणजे कायम थांब.’ ‘हे माप बाइटमध्ये येतं, पुढे शब्दात द्यायचं.’ ‘हा आकडा पूर्ण ३२ बिट भरूनच शून्यावर आला पाहिजे, मधे नाही.’ ही फाईल पुढे कोण कुठे उचलून नेईल सांगता येत नाही. मीही अशीच एक ओळ उचलून आणली होती.

नवा कोड टाकलेली पेटी मी २९ जानेवारीला संध्याकाळी सहा वाजता वावरात चालू केली. हिची सुरुवात शून्यापासूनच ठेवली, कारण बाबांना खरे दिवस मोजायचे होते. तिला बॅटरी आहे, लाईन गेली तरी ती बंद पडत नाही. आठवड्याने झाडांना दुसरं, भरपूर पाणी दिलं. बाबांनी पहाटे अंथरुणातूनच ‘बंद’ दाबलं आणि कूस बदलून झोपले. आता बगीच्यात फूल आलंय, संध्याकाळी वास अंगणापर्यंत येतो.

टिकचा आकडा २० मार्चला सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी भरून शून्यावर येईल. बाबांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनाने गोल केलाय आणि खाली लिहिलंय, ‘मोटर. ११ वाजता. दोघांनी वावरात.’